डबीतले धैर्य

बायकांना द्यायची वस्तू डबीत घालूनच दिली पाहिजे, अशी आपल्याकडच्या पुरुषमंडळींची एक जुनी समजूत आहे. कुंकवाची डबी, अत्तराची डबी, कुड्यांची डबी. २०१४ च्या जानेवारीत या मालिकेत आणखी एक डबी आली. कानपूरच्या सरकारी आयुधनिर्माणीने खास स्त्रियांसाठी म्हणून एक रिव्हॉल्व्हर बाजारात आणले आणि त्याचे नाव ठेवले 'निर्भीक'. ०.३२ बोअरचे, सहा बारांचे, टायटॅनियमच्या मिश्रधातूचे. वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणि किंमत त्या वेळी १,२२,३६० रुपये. ठेवायला दागिन्यांच्या पेटीसारखी किरमिजी पेटी. पर्समध्ये अलगद मावते, कोणाला कळतही नाही, ही त्याची मुख्य प्रौढी.

दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री जे घडले, त्यानंतर वर्षभराने ही डबी आली. वर्तमानपत्रांनी त्या मुलीला 'निर्भया' म्हटले होते; कारखान्याने त्याच अर्थाचा शब्द हत्याराला दिला. त्याला आता दशकाहून अधिक काळ लोटला, पण डबीमागची कल्पना अजून ताजी आहे. दर थोड्या दिवसांनी वर्तमानपत्रात काही तरी भयंकर छापून येते आणि घराघरांतून कोणी तरी म्हणतोच, 'पोरींच्या हातात एकेक पिस्तूल द्या, म्हणजे सगळे सुतासारखे सरळ होतील!' म्हणणारा बहुधा पुरुष असतो, आणि हे वाक्य उच्चारल्यावर आपले कर्तव्य संपले असे समजून तो चहाचा पेला उचलतो.

मला या वाक्याशी भांडायचे आहे. दिवाळीच्या फराळाच्या ताटापाशी हा विषय काढते याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण ओवाळणीत काय घालावे याचा विचार आपण याच दिवसांत करतो, म्हणून हीच वेळ बरी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी अहिंसेचे व्रत घेतलेली बाई नाही. अंगावर हात टाकणाराचा हात मोडला तर मला त्याची कणव येणार नाही. कायदाही तशी कणव करायला सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ ही खासगी संरक्षणाच्या हक्काची आहेत. बलात्कार, अपहरण, ॲसिडचा हल्ला अशा प्रसंगी स्वतःला वाचवताना हल्लेखोराचा जीव गेला, तरी कलम ३८ प्रमाणे ते या हक्कात बसू शकते. तेव्हा प्रतिकार करावा की नाही, हा वादच नाही. वाद आहे तो डबीचा. माझे म्हणणे असे की, लपवता यावे म्हणून निवडलेले हत्यार रक्षणाच्या कामी कच्चे पडते. आणि लपवण्याचा खरा लाभ होतो तो चाल करून येणाराला, जिच्यावर चाल होते तिला नव्हे.

हत्याराचीच गोष्ट आधी घेऊ. दुकानदार सांगतो, 'बाई, हे बघा किती लहान, किती हलके.' पातेले विकत घेतानासुद्धा आपण हलके पातेले करपते हे जाणतो; हत्याराच्या बाबतीत मात्र हलकेपणा हा गुणच वाटतो. वस्तुस्थिती अशी की, काडतूस तेच ठेवून हत्याराचे वजन निम्मे केले, तर बार उडताच ते दुप्पट वेगाने मागे हातावर येते. ०.३२ चा बार त्यातल्या त्यात सौम्य, हे खरे. पण मनगटाला सवय नसली तर तोही नळी वर उडवतो, आणि दुसऱ्या बाराचा नेम आभाळात जातो.

नळी आखूड केली की नेम धरण्याच्या पुढच्या आणि मागच्या खुणांतले अंतर कमी होते. ते अंतर १० सेंटिमीटर असेल आणि हात थरथरून खुणा एकमेकींपासून अवघ्या एका मिलिमीटरने सरकल्या, तर दहा मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते. हे गणित सातवीतल्या पोराला करता येईल. भीतीने हात थरथरतो तो एका मिलिमीटरवर थांबत नाही, हे मात्र गणितात येत नाही.

मग चाप. पिशवीत चुकून ओढला जाऊ नये म्हणून रिव्हॉल्व्हरचा चाप मुद्दाम जड ठेवतात. मागचा घोडा आधी हाताने न चढवता नुसता चाप ओढायचा, तर साधारणपणे चार ते सहा किलोंचा जोर एका बोटाने लावावा लागतो. म्हणजे अर्धा किलोची वस्तू हातात धरायची, तिच्या दहापट जोर तर्जनीने लावायचा, आणि तेवढ्यात ती वस्तू तसूभरही हलू द्यायची नाही! नारळ फोडताना ज्यांचा नेम चुकतो अशा माझ्यासारख्या बायांनी याचा विचार करावा.

बरे, लहान नको तर मोठे घ्या, असे म्हणून २०२३ च्या ऑगस्टमध्ये कानपूरहूनच 'प्रबल' आले. तेही ०.३२ चेच, वजन सुमारे ७०० ग्रॅम, आणि मारा ५० मीटरपर्यंतचा अशी त्याची जाहिरात झाली. मला या ५० मीटरांचे फार कुतूहल वाटते. जो माणूस ५० मीटरांवर उभा आहे, त्याने माझ्यावर हल्ला केला आहे हे मी न्यायाधीशांना कसे पटवणार? तेवढ्या अंतरात पळता येते, ओरडता येते, कोणाच्याही दारात शिरता येते. आणि जो खरोखर हल्ला करतो, तो हाताच्या अंतरावर आलेला असतो.

येथेच डबीचे खरे दुखणे उघडे पडते. १९८३ साली अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस खात्यातले डेनिस ट्युलर यांनी एक साधी चाचणी मांडली. सुरा घेतलेला माणूस २१ फुटांवरून धावत निघाला, तर तो सुमारे दीड सेकंदात अंगाशी भिडतो. आणि कमरेचे पिस्तूल काढून बार उडवायला शिकलेल्या पोलिसालाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. ही कथा कमरेवर उघड पट्ट्यात पिस्तूल लावलेल्या पोलिसाची. आता आपली पर्स आठवा. तिच्यात चाव्या, रुमाल, पैशांचे पाकीट, खोकल्याच्या गोळ्या, भाजीची यादी, कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका आणि चष्म्याचे घर असते. पर्समधला फोन वाजू लागला, तर तो सापडेपर्यंत वाजायचा थांबतो. आणि फोन तर बिचारा ओरडून आपला पत्ता सांगत असतो. रिव्हॉल्व्हर काही ओरडत नाही.

'सरावाने सगळे साधते' असे यावर उत्तर येते. सराव करणारांचाच हिशेब पाहू. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी १९९८ ते २००६ या काळात केलेल्या गोळीबाराची तपासणी रँड या संस्थेने केली आणि तिचा अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. समोरूनही गोळ्या येत असताना या पोलिसांच्या शंभर गोळ्यांपैकी अठराच्या आसपास लागल्या. समोरून गोळ्या येत नसताना तीस. पगार घेऊन शिकलेल्यांची ही गत. उरलेल्या गोळ्या कोठे गेल्या? अमेरिकेतील रुंद रस्त्यांवर त्या भिंतींत गेल्या असतील. आपल्या सायंकाळच्या लोकलच्या बायकांच्या डब्यात, गणपतीच्या गर्दीत, मंडईच्या तोंडाशी त्या कोणाला लागतील?

आणि आपल्याकडे सराव तरी कोठे करायचा? परवाना मिळायला वय २१ पूर्ण हवे, धोका काय ते दाखवायला हवे, शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज हवा, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र हवे. काडतुसे किती बाळगायची याची मर्यादा परवान्यावरच लिहिलेली असते. हे सर्व योग्यच आहे. पण ज्या परिचारिकेला रात्रपाळी संपवून शेवटच्या बसने घरी जायचे आहे, ज्या धुणेवालीला पहाटे पाचला चाळीतून निघायचे आहे, कॉलेजात जाणारी जी मुलगी अठरा वर्षांची आहे, तिच्यापर्यंत ही लाखाची डबी पोहोचणार कधी? ज्यांना भय सर्वांत जास्त, त्यांच्यासाठी ती नाहीच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, त्यातलाच हा प्रकार.

लपवलेले लहान हत्यार कोणाच्या कामी आले, हे इतिहासाला विचारून पाहावे. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात लिंकनवर झाडलेले डेरिंजर पिस्तूल खिशात मावणारे, एकाच बाराचे होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रसंगी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या सुटल्या, त्या अंगावर लपवलेल्या ब्राउनिंग पिस्तुलातून. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींवर झाडलेले पिस्तूलही असेच लहान, बेरेटा बनावटीचे. या तिन्ही कृत्यांमागचे हेतू अगदी निरनिराळे होते. त्यांना एका तागडीत तोलण्याचा माझा मुळीच विचार नाही. मी हत्याराच्या गुणाविषयी बोलते आहे. तिन्ही ठिकाणी वेळ, जागा आणि माणूस पिस्तूलवाल्याने निवडला होता. म्हणून लपवणे त्याच्या उपयोगी पडले. जिच्यावर हल्ला होतो तिला यातले काहीच निवडता येत नाही. तिचे हत्यार लपलेले असते ते तिच्यापासूनसुद्धा!

आता सर्वांत अवघड गोष्ट. हल्लेखोर कोण असतो? पिस्तुलाचा पुरस्कार करणाराच्या डोळ्यांपुढे अंधाऱ्या गल्लीतला, तोंडाला फडके बांधलेला परका माणूस असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे दाखवत आले आहेत की, बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक ठिकाणी आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, वरिष्ठ, लग्नाचे वचन देणारा. आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २९ जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. हा छळ करणाराला डबी कपाटाच्या कोणत्या खणात आहे हे ठाऊक असते. किल्लीही बहुधा त्याच्याचकडे असते. अशा घरात आणलेले पिस्तूल शेवटी कोणाच्या हातात जाईल?

शिवाय घरात मुले असतात. २०१४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील आयडाहो राज्यात एका मोठ्या दुकानात, दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समध्ये हात घातला आणि तिच्या पिस्तुलाचा चाप ओढला. आई जागच्या जागी गेली. ती पर्स पिस्तूल लपवण्यासाठीच वेगळा कप्पा करून बनवलेली होती. नाताळची भेट म्हणून आलेली. आपली भाऊबीज आणि त्यांचा नाताळ यांत फारसे अंतर नाही, हे मला येथे सांगावेसे वाटते.

दुसरी गोष्ट हलक्या आवाजातच सांगायला हवी. २०२० साली कॅलिफोर्नियातील सुमारे दोन कोटी साठ लाख प्रौढांचा बारा वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांच्या नावे पिस्तूल होते, त्यांनी बंदुकीने स्वतःचा जीव घेण्याचे प्रमाण इतर स्त्रियांच्या ३५ पट निघाले. त्या देशात २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतली निम्म्याहून अधिक स्वतःच्याच हाताने. दुःखाचा एखादा काळा तास प्रत्येकाच्या आयुष्यात येतो आणि बहुतेकांच्या बाबतीत तो निघूनही जातो. त्या तासाला हाताशी काय असावे, याचा विचार घरातल्या वडीलमाणसांनी करायचा असतो.

माझा धाकटा भाऊ हे सगळे ऐकून चिडला. त्याची मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिला आठवड्यातून तीन वेळा रात्री उशीर होतो. तो म्हणाला, "ताई, तुझे आकडे तुझ्यापाशी ठेव. बापाची झोप उडते त्याचे काय?" त्याच्या झोपेची मी थट्टा करणार नाही, ती भीती खरी आहे. मी भाचीलाच विचारले, "तुला काय हवे ग?" ती म्हणाली, "आत्या, ऑफिसची गाडी मला गल्लीच्या तोंडाशी सोडते. तिथून घरापर्यंत तीन खांब आहेत. तिन्हींचे दिवे पावसाळ्यापासून बंद आहेत. दोनदा तक्रार केली, नंबर मिळाला, दिवा नाही मिळाला. ते दिवे लागले आणि गाडी दारापर्यंत आली, तर मला दुसरे काही नको." भाऊ गप्प बसला. रिव्हॉल्व्हरच्या किमतीची चौकशी त्याने तीन ठिकाणी केली होती. दिव्याची एकदाही केली नव्हती.

काही विद्वान मंडळी यावर हक्काची भाषा बोलतात. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने आपल्याला निःशस्त्र केले, १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला, मग स्वतंत्र भारतात तो का नाही? इतिहास खरा आहे, पण अर्धा. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना केली, डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती मान्य झाली नाही. परक्या सरकारपुढे निःशस्त्र असणे वेगळे आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांनी एकमेकांना भिऊन सशस्त्र होणे वेगळे. शिवाय ज्या गावात प्रत्येक दुबळ्याच्या पिशवीत पिस्तूल असेल, त्या गावात प्रत्येक दांडग्याच्या कमरेला आधीच दोन असतील.

तरीही काहींना शस्त्र घ्यावेच लागते, हे मी नाकारत नाही. ज्या बाईला नाव घेऊन धमक्या आल्या आहेत, जी आडरानातल्या मळ्यावर एकटी राहते, जी मोठ्या खटल्यात साक्षीदार आहे, तिने कायदेशीर परवाना काढून शस्त्र घेतले तर तिला नावे ठेवणारी मी कोण? तिला मी एवढेच सांगेन: डबी पाहून निवडू नका. पर्समध्ये मावते की नाही हा प्रश्न शेवटचा ठेवा. आपल्या मुठीला झेपते की नाही हा पहिला. रिव्हॉल्व्हर जाड असते पण त्याची रचना समजायला सोपी. पिस्तूल चपटे असते, पण त्याचा वरचा भाग मागे खेचायला मनगटात जोर लागतो, तो आपल्याला आहे का ते आधी करून पाहा. मध्यम वजनाचे, पुरेशा नळीचे, पुरी मूठ बसेल असे घ्या. घरी असताना ते कुलपात असू द्या, काडतुसे वेगळ्या कुलपात. आणि सराव सुटला की परवाना परत करण्याचा विचार करा. एवढे करायची तयारी नसेल, तर ते शस्त्र घरातल्यांना धोका आणि चोराला बक्षीस आहे.

बाकी आपण सर्व जणींचे काय? पुन्हा त्या दिल्लीच्या रात्रीकडे जाऊ. ती मुलगी आणि तिचा मित्र चित्रपट पाहून निघाले होते. रात्रीचे साडेनऊच्या सुमाराचे. रिक्षावाले यायला तयार होईनात, म्हणून ती दोघे समोर आली त्या खासगी बसमध्ये चढली. ती बस रस्त्यावर प्रवासी घेण्याचा परवाना नसलेली, काळ्या काचांची. आणि ती शहरभर फिरत राहिली तरी तिला कोणी अडवले नाही. तिच्याजवळ डबी नव्हती हे खरे. पण त्याआधी तिच्याजवळ साडेनऊ वाजता एक साधी बस नव्हती. न्या. वर्मा समितीने अवघ्या एकोणतीस दिवसांत, २३ जानेवारी २०१३ रोजी जो अहवाल दिला, त्यात रस्त्यांवरचा उजेड, सार्वजनिक वाहने आणि पोलिसांची सुधारणा यांचाही आग्रह आहे. त्या अहवालाला मखमलीची पेटी मिळाली नाही.

तेव्हा भावांनो, यंदा ओवाळणी घालायचीच असेल तर काही कामे सांगते. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने तक्रार नोंदवून घेतली पाहिजे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ म्हणते. ते पाठ करा आणि वेळ आली तर बहिणीबरोबर ठाण्यात जाऊन ती नोंदवेपर्यंत बाकावर बसून राहा. ११२ आणि १८१ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकीच्या फोनमध्ये आहेत का ते पाहा. मुलीने घरच्या किंवा ओळखीच्या माणसाचे नाव घेतले, तर 'तो तसा नाही' हे तुमचे पहिले वाक्य होऊ देऊ नका. याला लाख रुपये लागत नाहीत. हिंमत मात्र रिव्हॉल्व्हरपेक्षा पुष्कळ लागते.

आणि आकाशकंदील लावून झाला की त्याच शिडीवरून एकदा गल्लीकडे नजर टाका. घरापासून बसथांब्यापर्यंत किती खांबांचे दिवे बंद आहेत ते मोजा, त्यांचे क्रमांक लिहून घ्या, आणि पाडवा झाल्यावर तो कागद घेऊन नगरपालिकेत जा. दिवे लागेपर्यंत दर सोमवारी जा.